डावी बाजू मोठीची

घड्याळवाल्याच्या जिभेचं ऑपरेशन झालं, जखमही भरली. दुखणं मानेतल्या गाठींत उतरलंय का, तेवढं सोनोग्राफीत बघायचं राहिलं होतं. धाकटीनं भरदुपारी दुकानाला कुलूप लावलं आणि नवऱ्याला घेऊन दवाखाना गाठला.

धाकटी म्हणजे त्याची दुसरी बायको. मोठी मरून कैक वर्षं झाली होती, पण मेल्या म्हशीला मणभर दूध. मोठीच्या हाताची चव, मोठीचं हसणं, मोठीचा शांत स्वभाव. मोठी त्याच्या डाव्या अंगाला निजायची, म्हणून धाकटीच्या वाट्याला उजवं अंग. डावी बाजू रिकामी पडून राहायची, पण धाकटीला मिळायची नाही. जीभ कापल्यावर त्याच्या बोलण्याचा पार लगदा झाला. झोपेत मोठीचं नाव तेवढं लख्ख निघायचं. लाळ धाकटीनं पुसायची आणि वर हेही ऐकायचं.

सोनोग्राफीच्या खोलीत दिवसाही मिट्ट अंधार. औषधाचा उग्र वास, यंत्राची बारीक घरघर. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मानेला गार जेल चोपडलं आणि यंत्राचं गुळगुळीत टोक हळूहळू फिरवलं. उजवी बाजू साफ निघाली. डावीकडे मात्र पडद्यावर काळे ठिपके उमटले... चार एका ओळीत, एक जरा बाजूला.

बाई म्हणाल्या, नुसती सूजही असेल, महिन्याभरानं पुन्हा बघू. धाकटीच्या कानात ते शिरलंच नाही. तिला स्वच्छ दिसत होतं. कुणीतरी बोटं रुतवून त्याची मान धरली होती. डावीकडून.

"सटवे," ती पडद्याकडे बघत पुटपुटली, "जिवंतपणी भोगलास ना? आता माझा आहे तो."

त्या दिवसापासून निजताना ती त्याच्या मानेवर हात टाकू लागली. उजवीकडून, घट्ट. त्यानं अंग चोरलं, तर आणखी घट्ट. हळूहळू झोपेतलं ते नाव बंद झालं. धाकटीला वाटलं, जिंकले.

महिन्यानं तीच खोली, तोच अंधार. डावी बाजू स्वच्छ निघाली. एक ठिपका नाही. धाकटीला हसू आवरेना. मग टोक उजवीकडे गेलं आणि बाईंचा हात थबकला.

"मागच्या वेळी इथं काही नव्हतं..." त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आता पाच गाठी आहेत. आणि ही शेवटची बघा... वाकडी, बाकीच्यांपासून फटकून."

धाकटीनं उजवा हात मांडीखाली दडवला. लहानपणी दारात चेंगरलेली तिची करंगळी अशीच वाकडी होती, अशीच फटकून राहायची.

घड्याळवाल्यानं मान न हलवता डोळे तिच्याकडे वळवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जागेपणी त्याचे शब्द लख्ख उमटले.

"मोठीनं सोडलं गं... माझी दया येऊन सोडलं."

म्हणजे इथंही मोठीच चांगली. धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. मांडीखाली तिची मूठ आपोआप वळली.

पडद्यावरचे पाचही ठिपके एकमेकांकडे सरकले. घड्याळवाला ठसकला, त्याचे डोळे पांढरे झाले.

धाकटीनं घाबरून मूठ उघडली. बोटं ताणली, हात झटकला, पुन्हा झटकला.

ठिपके मात्र आवळलेलेच राहिले.