बिनआंघोळीचा फोटो

ठिपका होता. कस्तुरी मापारीने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, एकदा नव्हे, तीनदा! पण फोटो न्हाणीघरातून बाहेर आला की ठिपका गायब. आता तुम्हीच सांगा, आकाशातला ठिपका आंघोळ घातल्याने जातो का?

थांबा, आधी न्हाणीघर म्हणजे काय ते सांगायला हवं. ही गोष्ट २०५८ सालची, लोणारची. आकाशातून दगड पडून तयार झालेल्या सरोवराच्या काठचं हे गाव. तेव्हा इथल्या शाळेला दुर्बीण मिळाली यात नवल नाही. दुर्बीण रात्रभर आपली आपणच आकाशाचे फोटो काढायची. दुसऱ्या दिवशी ते एका हुशार यंत्राकडे जायचे. यंत्राला तोंडी म्हणायचं, "साफ कर," की ते डाग, धूर, विमानांच्या रेघा पुसून फोटो लख्ख करून द्यायचं. मुलांनी त्याचं नाव ठेवलं न्हाणीघर. आणि हळूहळू शाळेत रिवाजच पडला की बिनआंघोळीचा फोटो शाळेबाहेर जायचा नाही. अकरा वर्षांत एकही गेला नव्हता.

त्या दिवशी फोटोंना आंघोळ घालायची पाळी सहावीतल्या कस्तुरीची होती. आकाशाच्या एकाच भागाचे, अर्ध्या-अर्ध्या तासाने काढलेले तीन फोटो. यंत्रात घालण्याआधी तिने ते उगीचच डोळे बारीक करून पाहिले. खालच्या कोपऱ्यात एक फिकट, धुरकट ठिपका. दुसऱ्या फोटोत तो जरासा सरकलेला. तिसऱ्यात आणखी जरा. आणि आंघोळीनंतर? तिन्ही फोटोंत तिथे नुसता काळोख.

"मॅडम, तो धूमकेतू असेल!" ती धावतच नागरे मॅडमकडे गेली.

नागरे मॅडम विज्ञान शिकवायच्या. माणूस चांगलं, पण यंत्रावर भारी विश्वास. "अगं, धुळीचा कण असेल. यंत्र उगीच पुसत नाही."

"कण कसा सरकेल, मॅडम?"

"कुठे सरकतोय? मला तर धड दिसतही नाही." ते खरंच होतं. मूळ फोटो इतके काळे होते की ठिपका दाखवायला बोट ठेवावं लागे, आणि बोट ठेवलं की ठिपका बोटाखाली झाकला जाई. मागच्या बाकावरून हर्षल सानप ओरडला, "कस्तुरे, तुझा ठिपका आंघोळीला गेला आणि वाहूनच गेला की काय?" सगळा वर्ग खो खो हसला. कस्तुरीचे कान लाल झाले.

पण हसण्यावारी न्यायची ही गोष्ट नव्हती. नवीन काही दिसलं तर ते 'आकाशखबर केंद्रा'ला कळवायचं असे. त्या रात्री मोठ्या दुर्बिणींनी काय काय पाहायचं याची यादी केंद्र रोज संध्याकाळी पाच वाजता बंद करी. आणि उद्यापासून आकाशाच्या त्या भागात चंद्राचा उजेड पसरणार होता. मग पुढचे पंधरा दिवस फिकट ठिपका कुणाला दिसतोय! तोवर तो कुठल्या कुठे निघून जाणार. म्हणजे आज पाचच्या आत ठिपका सगळ्यांना दिसेल असा करायचा, नाहीतर तो कायमचा हातचा जाणार. घड्याळात तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"न्हाणीघराशिवाय फोटो उजळता येतो का हो?" तिने शाळेच्या शिपाईकाकांना विचारलं.

"अडगळीच्या खोलीत फोटूभाऊ आहे, त्याला विचार," काका म्हणाले.

फोटूभाऊ हा यंत्रमानव. मेहकरच्या एका फोटो स्टुडिओत त्याने तीस वर्षं लग्नाचे फोटो सुधारले होते. मग बोटं झिजली, आणि तो एका जुन्या संगणकासकट शाळेच्या अडगळीत येऊन पडला. डोकं शाबूत, जीभ तर त्याहून शाबूत.

"अडुसष्ट हजार नवरदेवांचे मुरूम घालवलेत मी," तो ऐटीत म्हणाला. "पण ठिपका घालवायचा नाही, ठेवायचा, असं सांगणारी तू पहिलीच. बस खुर्चीत! काम तुलाच करावं लागेल. माझी बोटं गेली कामातून."

कस्तुरीने संगणक सुरू केला. फोटो सुधारायचं जुनं सॉफ्टवेअर उघडलं. मग घसा साफ करून ती पडद्याला म्हणाली, "फोटो उजळ कर."

पडदा ढिम्म.

"कृपया उजळ कर!"

फोटूभाऊ हसून हसून कुरकुरला. "अगं, त्याला कान नाहीत! हे तुम्हा लोकांच्या जन्माआधीचं आहे. याला हाताने सांगावं लागतं."

तेव्हा कुठे कस्तुरीने पडद्याकडे नीट पाहिलं. डावीकडे चिमुकल्या चित्रांची रांग, वर शब्दांची ओळ, उजवीकडे चौकटींवर चौकटी. "बाप्पा! एवढं सगळं मी तासाभरात कधी शिकू?"

"एवढं सगळं शिकायला कोण सांगतंय? तुझी आई काय करते?"

"ब्लाउज शिवते."

"तिचं टेबल आठव. कापड कुठे असतं?"

"समोर, मधोमध."

"कात्री, टेप, खडू?"

"हाताशी. डावीकडे."

"आणि कापून झालेले तुकडे?"

"उजवीकडे, एकावर एक रचून. कुणी हलवले तर ओरडते."

"ओरडणारच. आता हा पडदा म्हणजे तसंच टेबल. इथे कुठलंही काम करताना स्वतःला चार प्रश्न विचारायचे: कशावर, कशाने, किती, कुठे. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पडद्याच्या ठरलेल्या बाजूला ठेवलेलं असतं. उजवीकडची चौकट बघ. तिला लेयर पॅनल म्हणतात (थरांची चौकट). एकावर एक ठेवलेले फोटो तिथे थरांसारखे दिसतात. 'कशावर' काम करायचं ते तिथे निवडायचं. डावीकडे टूलबार (अवजारांची पट्टी). 'कशाने' ते तिथे ठरतं. एका वेळी एकच अवजार हातात येतं. उचल बरं एखादं."

कस्तुरीने कुंचल्याच्या चित्रावर टिचकी मारली. तशी वरची आडवी पट्टी बदलली! तिथे कुंचल्याची जाडी आणि रंगाचा दाटपणा दिसू लागला. तिने कात्री उचलली, पट्टी पुन्हा बदलली.

"ही पट्टी हातातल्या अवजाराचं ऐकते," ती हळूच म्हणाली. "म्हणजे ही 'किती' सांगणारी!"

"शाबास! आणि मधला मोठा चौकोन म्हणजे कॅनव्हास (काम करायची जागा). 'कुठे' ते तिथे. अगदी वरची शब्दांची ओळ म्हणजे मेनू (कामांची यादी). फाइल उघडणं, जतन करणं आणि जे इतर कुठे सापडत नाही ते सगळं तिथे शोधायचं."

कस्तुरीने मेनूतून तिन्ही फोटो उघडले आणि एकाच कॅनव्हासवर थर करून रचले. दुर्बीण किंचित हलत असल्यामुळे तारे एकावर एक बसत नव्हते. तिने सरकवायचं अवजार घेतलं आणि वरचा फोटो ओढला. पण वरचा जागचा हलला नाही, खालचाच घसरून कॅनव्हासबाहेर गेला!

"गेला! फोटोच गेला!"

"कुठे जातोय? तू 'कशाने' विचारलंस, 'कुठे' विचारलंस, पण 'कशावर' विचारलं नाहीस. उजवीकडे कुठला थर निवडलेला आहे?"

तिने पाहिलं. खालचा. "आता?"

"हिस्ट्री पॅनल उघड (केलेल्या कामांची चौकट). तू केलेली प्रत्येक गोष्ट तिथे ओळीने लिहिलेली आहे. चूक करण्याआधीच्या ओळीवर टिचकी मार."

मारली. फोटो मुकाट्याने जागेवर आला. कस्तुरीने सुटकेचा श्वास सोडला. चूक परत घेता येते म्हटल्यावर तिची भीती निम्मी पळाली. तिने थर नीट निवडला, घाईघाईने कोपर टेकलं, आणि कीबोर्डवरची कुठलीशी कळ दाबली गेली. झालं! अवजारं, चौकटी, पट्ट्या, सगळं एका क्षणात नाहीसं. उरला फक्त काळा फोटो. घड्याळात साडेचार.

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "फोटूभाऊ, सगळं मोडलं मी."

"काही मोडलं नाही, वेडे. चौकटी लपल्यात फक्त. फोटो मोकळा बघता यावा म्हणून ती सोय आहे. तीच कळ पुन्हा दाब."

दाबली. सगळं परत हजर! कस्तुरीने डोळे पुसले आणि यावेळी ती फोटूभाऊला न विचारता मोठ्याने बोलू लागली. "कशावर? वरच्या थरावर. त्याची पारदर्शकता निम्मी करते, म्हणजे खालचा दिसेल. कशाने? सरकवायच्या अवजाराने. किती? अगदी थोडं, बाणाच्या कळांनी. कुठे? हे दोन मोठे तारे एक होईपर्यंत." तारे जवळ आले, आणखी जवळ आले आणि एकमेकांवर चपखल बसले. मग तिसरा थर, तसाच. शेवटी तिने सगळ्यांच्या वर सुधारणेचा थर ठेवला. तो फोटोवर ठेवलेल्या काचेसारखा असतो, मूळ फोटोला धक्काही लागत नाही. त्याचा उजेड ती हळूहळू वाढवत गेली.

आकाश उजळलं. शेकडो तारे, प्रत्येक जण एकेकटा. आणि खालच्या कोपऱ्यात एका सरळ रेषेत तीन धुरकट ठिपके!

"तीन!" ती खुर्चीवरून उडालीच. "तारे एकावर एक बसले, हा बसला नाही. म्हणजे हाच चालतोय! आणि फोटूभाऊ, म्हणूनच न्हाणीघर त्याला पुसतं! ते तिन्ही फोटो ताडून बघतं. जागच्या जागी राहील तो तारा, आणि जागा बदलेल ती घाण!"

"आणि धूमकेतू तर जागा बदलणारच," फोटूभाऊ म्हणाला. "मी तीस वर्षं या टेबलावर बसलो, पोरी. असं काम मी नाही केलं."

ती नागरे मॅडमना हाताला धरून घेऊन आली. मागोमाग हर्षल आणि निम्मा वर्ग. थरांच्या चौकटीत प्रत्येक थराशेजारी एक छोटा डोळा असतो. तो मिटला की थर लपतो, उघडला की दिसतो. कस्तुरीने सगळ्या थरांची पारदर्शकता काढून टाकली आणि एकेक डोळा उघडमीट करू लागली. पहिला, दुसरा, तिसरा. तारे जागचे हलेनात. ठिपका मात्र टुणटुण पुढे चालला.

"पुन्हा कर," मॅडम म्हणाल्या.

तिने पुन्हा केलं.

"कस्तुरी, मी चुकले," मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या. "मी यंत्राचं ऐकलं, तुझं ऐकलं नाही."

"पण मॅडम, बिनआंघोळीचा फोटो बाहेर पाठवायचा?" हर्षलने विचारलं.

"पाठवायचा! रिवाज गेला खड्ड्यात!" मॅडमनी कस्तुरीचं नाव लिहून स्वतः कळ दाबली. पाचला चार मिनिटं कमी होती.

त्या दिवशी कुणी घरी गेलं नाही. मुलांना न्यायला आलेले आईवडीलही तिथेच उभे राहिले. कस्तुरीची आई गळ्यातला टेप काढायलाही विसरून आली होती. ऑस्ट्रेलियात तेव्हा रात्र झालेली होती, तिथली मोठी दुर्बीण त्या दिशेला वळणार होती. साडेसहाला पडद्यावर एक फोटो उमटला. मधोमध तोच ठिपका, आणि त्याला मागे फिकट निळसर शेपटी. खाली केंद्राने लिहिलं होतं: 'नवा धूमकेतू. आजवर कुणीही न नोंदवलेला. नाव: धूमकेतू मापारी.'

मग जो कल्लोळ झाला! हर्षलने कस्तुरीला खांद्यावरच घेतलं. आई हसत होती आणि रडतही होती. फोटूभाऊ ओरडत होता, "मुरूम नाही घालवला, धूमकेतू मिळवला!"

निरोपात खाली आणखी एक ओळ होती. ती मॅडमनी मोठ्याने वाचली. केंद्राने विचारलं होतं: 'तुमच्या शाळेने अकरा वर्षांत यंत्राने साफ केलेल्या फोटोंच्या मूळ प्रती ठेवल्या आहेत का?'

"ठेवल्यात," मॅडम सावकाश म्हणाल्या. "चार हजार."

चार हजार! त्यातून किती ठिपके वाहून गेले असतील, काय माहीत. हर्षलने सगळ्यांत आधी खुर्ची ओढली आणि कस्तुरीकडे पाहिलं. "ए, शिकव ना मला. पहिलं काय दाबू?"

"काहीच दाबू नकोस," कस्तुरी त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "आधी विचार, कशावर?"

आणि तिने पहिला फोटो उघडला.