उलट्या वेळेची सायकल

"माझ्याच तोंडानं मी तिला बाहेर ठेवलं, तेत्ता. एकवीस वर्षं झाली."

दोनाता आपल्या धाकट्या बहिणीला सांगत होती. नव्या सुनेसाठी ते नव्हतंच. पण मिरेल्ला पडद्यामागे टोमॅटो चिरून मीठ लावत बसली होती, आणि गप्प माणूस घरात आहे हे लोक फार लवकर विसरतात.

"हळू बोल... सून ऐकेल."

"ती? तिच्या तोंडून 'मीठ द्या' एवढंही निघत नाही!"

मिरेल्लाने उठून मीठ घेतलं, आणि कान तिथेच ठेवले.

बुटाच्या आकाराच्या इटलीच्या टाचेकडच्या त्या गावात जेवणानंतरच्या दोन तासांना उलटी वेळ म्हणत. दारंखिडक्या बंद, रस्ते ओस. त्या वेळी फक्त गेलेली माणसं हिंडतात. कुणी बाहेरून आलंच, तर उंबऱ्यावर थांबून मोठ्यानं म्हणायचं, "एकटीच आले!" म्हणजे मागे लागलेलं बाहेरच राहतं. दोनाताची आठ वर्षांची मुलगी चेझिरा अशाच एका दुपारी समुद्रकाठच्या बुरुजाखालच्या पाण्यात बुडाली. दोनाता सायकलवरून तिला शोधून रिकाम्या हातानं परतली, आणि जन्माची सवय, उंबऱ्यावर 'एकटीच आले' बोलून गेली.

तीच सायकल दोनाताच्या मुलानं, कोसिमोने, टायर बदलून आपल्या बायकोला, मिरेल्लाला दिली होती. दोनाताने तोंड फिरवलं. नको मात्र म्हणाली नाही.

सासरी नवरीला एकटीला मिळणारी वेळ म्हणजे हीच, सगळं घर घोरत असतानाची. दुसऱ्या दिवशी दुपारी मिरेल्लाने सायकल काढली. दोन्ही बाजूंना दगडांचे बुटके बांध, तापलेल्या अंजिराच्या पानांचा गोडसर वास, आणि बांधापलीकडे समुद्र, निळाशार, जराही न हलणारा. रातकिडे दिवसाच किरकिरत होते. डोंगराकडच्या आपल्या गावी ती अशीच वडिलांच्या मागे कॅरियरवर बसायची, गाल त्यांच्या पाठीला लावून. उतार आला की डोळे मिटायचे. ते सगळं आत्ता का आठवावं, तिला कळेना.

बुरुजापाशी पोचली आणि किडे एकदम थांबले.

ती सायकल वळवून निघाली, तेवढ्यात कॅरियर खाली दबला. पॅडल जड झालं. थांबून टायर तपासण्याचा तिला धीर झाला नाही. कमरेभोवती काहीतरी गार, ओलं येऊन बसलं. मग पाठीवर गाल टेकला. गाल होता, पण श्वास लागत नव्हता.

"उतारावर... ब्रेक लाव ना. आई लावते."

मिरेल्लाने ब्रेक लावला. रस्त्यावर सायकलची आखूड सावली पळत होती. तिच्या सावलीत दोन जादा पाय लोंबत होते, मजेत हलणारे.

"घर आलं की सांग हं..." मागून आवाज आला. "मला दरवेळी आतून कुणी हाकच मारत नाही."

भीती होतीच. पण त्याहून जास्त तिला तो गाल ओळखीचा वाटत होता.

घराशी येऊन ती उतरली. दार उघडं होतं. झोपेतून उठलेल्या दोघी बहिणी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या.

"उलट्या वेळेला बाहेर? अक्कल गहाण ठेवलीस का गं?" तेत्तामावशीनं हात नाचवले. "बोल आता! काय म्हणायचं माहीत आहे ना? बोल पटकन!"

दोनाता सुनेच्या तोंडाकडे पाहत नव्हती. तिची नजर खाली, उंबऱ्याच्या बाहेरच्या फरशीवर होती. तापलेल्या त्या फरशीवर दोन लहान ओली पावलं उमटली होती, चवडे घराकडे. इतक्या उन्हातही ती वाळत नव्हती.

"बोल की, पोरी..." तेत्ताचा आवाज आता चिरकला. "दोनच शब्द आहेत..."

मिरेल्लाने सायकल भिंतीला टेकवली. लग्नाला तीन आठवडे झाले होते, आणि तिचा आवाज या घरानं पहिल्यांदाच नीट ऐकला.

"आई, आम्ही दोघी आलोय."