चार त्याच्या, चार माझ्या

“कहाणी अर्धी सोडायची नाही, क्षिते. आणि संपेपर्यंत अक्षता खाली ठेवायच्या नाहीत.”

कुमुदिनीमावशी जाऊन चार वर्षं झाली, तरी फोनवर कादंबरी लावली की आधी तिचाच आवाज येतो. म्हणून सुदामा नगरच्या बसमध्येही माझ्या मुठीत चार तांदूळ होते. कानात दोन हजार वर्षांपूर्वीचं जेरुसलेम जळत होतं. तीन ज्यू बहिणी पळत होत्या आणि धाकटी अडून बसली होती — आज शुक्रवार, सूर्य मावळायच्या आत दिवा लागलाच पाहिजे...

बसने गचका दिला, इयरफोन निसटला, आणि धाकटी बसभर बोलू लागली. मी घाईने बंद केलं.

“अहो! दिवा लागला की नाही?” शेजारचा म्हणाला.

“...माहीत नाही.”

“मग लावा ना परत! और ये मुट्ठी में क्या है?”

“अक्षता. कहाणी ऐकताना घेतात.”

त्याने तळहात पुढे केला. “मलाही द्या. रिकाम्या हाताने कशाला ऐकू?”

तो सुजय. साताऱ्याहून इकडे हिंदी मुलखात नोकरीला आलेला. हिंदी उसनी, हसू मात्र स्वतःचं. मग रोज एक कान माझा, एक त्याचा, मल्हारगंजपर्यंत. तिथे मी शालिनीताईंच्या दुकानात साड्यांना फॉल लावते. आषाढभर माझे टाके वाकडे पडत होते.

“धाकटीला सोडून गेलेला तो नावाडी परत येईल?” एकदा त्याने विचारलं.

“येईल. ती दिवा लावायची थांबली आहे का?”

“तुमच्यासारखीच हट्टी! पण शेवटचा अध्याय एकटीने ऐकायचा नाही हं. कबूल?”

“कबूल.”

आज आम्हा मराठी लोकांचा पहिला श्रावणी सोमवार. तो बसमध्ये उभाच होता, खांद्याला मोठी बॅग.

“पुण्याला बदली झाली. ऑफिसात चाव्या देतो, दुपारी दीडची गाडी. क्षितिजा, मी... आईला तुमच्याबद्दल सांगू?”

माझं दिवेलागणीपर्यंत मौन. लिहूनसुद्धा बोलायचं नाही, असा मावशीचा नेम. नुसती मान डोलवायची, तेवढंही सुचलं नाही. मी घाबरून हात हलवला — आज नाही, आज बोलत नाही...

त्याचा चेहरा उतरला. “बरं,” म्हणाला. खिशातून कागदाची पुडी काढून त्याने माझ्या मांडीवर ठेवली, आणि पुढच्या स्टॉपवर उतरून गेला. पुडीत त्याचे चार तांदूळ होते. इतके दिवस जपलेले.

दुकानात सुई तीनदा बोटात गेली. शालिनीताईंनी साडीच ओढून घेतली.

“क्या हो गया तेरेको? तो बसवाला?”

मी होकारार्थी मान हलवली.

“भांडलात? नाही? मग... चाललाय कुठे?”

मी घड्याळाकडे बोट दाखवलं, मग हाताने गाडी धावती केली.

“रेल्वे? अन् तू इथे फॉल लावत बसलीयेस?” ताई रस्त्यात जाऊन रिक्षा अडवून उभ्या राहिल्या. “भिया, स्टेशन! और इनसे कुछ पूछना मत, मौन है.”

साडेबारा झाले होते. त्याचे चार तांदूळ मी माझ्या चारांत मिसळले आणि मूठ मिटली. फोनमध्ये शेवटचा अध्याय तसाच होता, न ऐकलेला.

रिक्षा निघाली. आणि मी आत्तापासूनच मान डोलवून बघत होते — हो... हो... हो.