बाहेरून दिलेलं मूल

आमच्या गाडीत सूचना सांगायचं काम माझं. दर रविवारी जालना ते परतूर आणि परत. जुने लाकडी डबे, पुढं डिझेलचं इंजिन, तिकिटातच चहा-वडापाव. टूरवाले याला हेरिटेज म्हणतात. आमच्या गल्लीतले म्हणतात, "काय रं कल्याण, भंगारात बसवून फिरवतोस व्हय लोकाला?" मी हसतो, कारण मलाही कधीकधी तसंच वाटतं.

या डब्यांच्या खिडक्यांना गज नाहीत. वर-खाली होणारी लाकडी झडप आणि तिला पितळी खिट्टी, एवढंच. म्हणून गाडी सुटण्याआधी मी डब्याच्या मधोमध उभा राहून घसा ताणतो. हात बाहेर काढू नका. डोकं बाहेर काढू नका. सेल्फीसाठी तर मुळीच नको. लहान मुलांना खिडकीच्या सीटवर उभं करू नका. दारांना कुलूप असतं आणि किल्ली माझ्या खिशात. लोक माना डोलावतात. मी पाठ फिरवली की सगळी कोपरं बाहेर.

शेवटचा नियम मी वाचून दाखवतो, कारण तो माझा नाही. शेवटच्या डब्यात दारावर पत्र्याची जुनी पाटी आहे, मराठीत आणि उर्दूत. 'बाहेरून दिलेले मूल आत घेऊ नये.' ती कोणी लावली, का लावली, कोणाला ठाऊक नाही. इथं हमखास हशा पिकतो, आणि मीही तो पिकवूनच घेतो.

त्या रविवारी जुन्या जालन्याच्या तुळजाबाई डब्यात होत्या. सुनेनं हौसेनं तिकीट काढून दिलेलं. त्या काही हसल्या नाहीत.

"हसू नका रं," त्या म्हणाल्या. "आमच्या टायमाला आदी रुमाल खिडकीतून, मंग लेकरू खिडकीतून, मंग आपुन दारातून. कुनाचंबी लेकरू असंना, आतल्यानं धरायचंच. न्हाई म्हनायची रीतच नव्हती."

खोटं नव्हतं ते. परतूरच्या बाजाराहून येताना माझ्या आईनंही मला असंच आत दिलंय. डब्यात ज्या एका खिडकीला गज नसायचे तिच्याखाली झुंबड, आणि वर कोण धरतंय ते न बघताच तिनं मला उचललेलं. पुढं मोठा झाल्यावर मीही किती लेकरं ओढून घेतली असतील. खालून लेकरू वर आलं की आमच्याकडच्या माणसाचे हात आपोआप पुढं होतात. डोकं नंतर चालतं.

त्या दिवशी बायको साधना आणि मुलगीही सोबत होत्या. आकांक्षा सात वर्षांची. तिचा वरचा पुढचा दात नुसता एका धाग्यावर लोंबत होता आणि सकाळपासून ती जिभेनं त्याला झोके देत होती. कोणाला हात लावू देत नव्हती. दात पडला की तिनं आणि मी मिळून तो घराच्या पत्र्यावर फेकायचा, असं ठरलेलं होतं. सूचना देताना ती माझ्यामागं उभी राहून माझीच नक्कल करत होती, कमरेवर हात ठेवून.

रांजणी मागं पडली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मधूनमधून तूर. दुपारचं ऊन डब्यात तिरकं आलेलं. साधनाला डुलकी लागली होती आणि आकांक्षा तिच्या शेजारी बसून दात हलवत होती. मी दुसऱ्या टोकाच्या खिडकीत बसलो. गाडी हळू झाली आणि थांबली. सिग्नल असावा.

खिडकीखालून दोन हात वर आले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. त्या हातांत पाठमोरं एक लेकरू.

"दादा, जरा धरा," बाईचा आवाज आला.

मी धरलं. काखेत हात घालून लेकरू आत ओढलं, खाली ठेवलं, आणि आईला म्हणून पुन्हा बाहेर पाहिलं. खाली कोणीच नव्हतं. उभं राहायला जागाही नव्हती. रूळ तिथं उंच भरावावरून जातात, आणि खिडकीखाली सरळ उतार होता, बाभळी आणि खडी.

वळून पाहिलं तर आकांक्षा. सकाळचाच लाल स्वेटर, सकाळच्याच दोन वेण्या.

"तू खाली कशी गेलीस?" मी ओरडलोच.

आवाजानं साधना जागी झाली. "अवो, वरडता कशाला? हितंच तर व्हती. डुलकीतबी कळलं मला, आत्ता तुमच्याकडं पळत आली न्हवं."

दोन्ही दारं मी जाऊन पाहिली. कुलपं जागच्या जागी. मग मनाची समजूत घातली, की पोरगी शेजारच्या खिडकीतून वाकली असेल, मीच तिला आत ओढलं असेल, आणि उन्हामुळं डोळ्यांपुढं भलतंच आलं असेल. बांगड्यांचं काय, ते मला सांगता येईना. पण लेक आत होती. माझं तेवढ्यावर भागलं.

परतूरला सगळे उतरले. चहा झाला, फोटो झाले. मी वडापाव तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "सांभाळून खा बरं, दात पडंल."

"कोनता दात?" तिनं विचारलं.

मी तिची हनुवटी धरली. तिनं शहाण्यासारखं तोंड उघडलं. मी दाताला बोट लावलं. दात घट्ट होता. जोर लावून पाहिला, हलेना.

साधनाला बोलावून दाखवलं. तिनंही बोट लावलं आणि तिचा चेहरा उतरला. "सकाळी तर लोंबत व्हता," ती म्हणाली. मग लगेच, "दुसरा आसंल. आपलंच ध्यान नसंल." दुसरा नव्हता. आम्हा दोघांनाही ते कळत होतं.

परतीच्या वाटेत मी मुद्दाम त्याच खिडकीत बसलो. आकांक्षा येऊन माझ्या मांडीवर बसली. जड वाटली की नेहमीसारखीच, ते मी नक्की सांगू शकत नाही. मी तिच्याकडं बघून बघून थकलो. कपाळावरचा वण होता. हाताला स्केचपेनचा निळा डाग होता. सगळं माझ्या लेकीचंच होतं. तरी तिला कुशीत घ्यावं की मांडीवरून उतरवावं, मला समजत नव्हतं.

गाडी हळू झाली. तोच भराव, त्याच बाभळी. गाडी थांबली.

खिडकीच्या चौकटीवर छोटी बोटं आली. अंगठ्याला निळा डाग.

"पप्पा, धरा ना. माझा हात पुरत न्हाई."

पलीकडून तुळजाबाई म्हणाल्या, "कोन रडून राह्यलं वो? कुनाचं लेकरू हाय?"

माझे हात पुढं झाले. अर्ध्यात थांबले.

"पप्पा," मांडीवरची म्हणाली, माझ्याच सूचनेच्या सुरात. "बाहेरून दिलेले मूल आत घेऊ नये."

आणि तिनं झडप खाली पाडली.

बाहेरून थापा पडू लागल्या. हलक्या, लहान हाताच्या.

साधना उठून आली. "अवो, काय हाय तिकडं?"

मला काही कळेना. एक आत होती, एक बाहेर होती. चुकीची आत असली तर? आणि बाहेरची चुकीची असली तर? मी एकदा नियम मोडला होता. पुन्हा मोडायची मला भीती वाटली.

झडप आकांक्षानं पाडली. खिट्टी मी लावली.

गाडी हलली. थापा थोडा वेळ सोबत आल्या, मग थांबल्या.

जालन्याला सगळे उतरल्यावर साधना तिला घेऊन रिक्षाकडं गेली. मी मागं राहिलो आणि ती झडप वर सरकवली. चौकटीच्या बाहेरच्या कडेला, लाकडाच्या खाचेत, दुधाचा एक दात पडला होता. मुळाशी रक्त अजून ओलं होतं.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. दात माझ्या शर्टाच्या खिशात असतो, कागदात गुंडाळलेला. पत्र्यावर फेकायला दोघं लागतात, तसं ठरलं होतं. रांजणीच्या पुढं त्या भरावावर गाडी हळू झाली की मी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून बसतो, लोकांना नको म्हणून सांगतो तेच करत. अजून कोणी आलेलं नाही.

आकांक्षा दुसरीतून तिसरीत गेली. वर्गातल्या सगळ्या पोरांचे पुढचे दात पडून नवे आले. तिचा एकही हललेला नाही.