वीस मिनिटं शांतता

हेमलताबाईंनी मनगटातल्या हिरव्या चुड्यावर बँडेजची पट्टी गुंडाळली आणि रुग्णालयातल्या जागकक्षाचं दार लावून घेतलं. आत बांगड्या घालून यायला मनाई होती. पण काल भाचीच्या लग्नात कासारणीने हात दाबून दाबून भरलेला चुडा तो. काढायचा तर वाढवावाच लागणार. आणि दुसऱ्याच दिवशी चुडा वाढवायचा म्हणजे मावशीनेच भाचीचं वाईट चिंतायचं! अठरा वर्षं नर्सची नोकरी करूनही काही समजुती जात नाहीत, त्याला काय करणार?

पलंगावर अलका होती. एकविसावा आठवडा. तिच्या बांगड्या नियमाप्रमाणे काढून उशाशी ट्रेमध्ये ठेवल्या होत्या. नवरा चार महिन्यांपूर्वी घर सोडून गेला होता. घरी सात वर्षांची मुलगी. तिला उचलून बसवावं लागे, उचलूनच निजवावं लागे.

"मला हे नकोय," तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. "एकीलाच माझे दोन हात पुरत नाहीत."

गर्भपाताची परवानगी आता आठवडे मोजून मिळत नसे. पोटावर बांधायचा जागमापक ती ठरवायचा. हा पट्टा गर्भाच्या मेंदूतल्या लहरी टिपायचा. वीस मिनिटांच्या शांततेत एक जरी लहर आपणहून उठली, तर आत 'कुणीतरी' आहे असं धरायचं आणि परवानगी नाकारायची. बाहेरच्या आवाजाने उठली तर ती नुसती प्रतिक्रिया, ती धरायची नाही. सरकारी समितीने चार वर्षं भांडून काढलेला हा तोडगा. त्याने कुणाचंच समाधान झालं नव्हतं, पण भांडून सगळेच दमले होते.

अकराव्या मिनिटाला पट्टा सरकला. हेमलताबाईंनी तो सारखा करायला हात पुढे केला आणि बँडेज सुटलं. चुडा किणकिणला.

पडद्यावर लहर उठली. मग आणखी एक. लाल दिवा लागला.

अलका पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे आता नाही?"

हेमलताबाईंनी लाल दिव्याकडे पाहिलं. यंत्राला बांगडी ऐकू येत नव्हती, लहर तेवढी दिसत होती. गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. चूक कबूल केली तर चौकशी, कदाचित निलंबन. आणि खोटं कशाला बोला, त्यांना ती लहर बघून क्षणभर आनंदच झाला होता. त्या आनंदाचीच त्यांना जास्त लाज वाटली.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "माझा चुडा वाजला. चाचणी पुन्हा होईल."

त्यांनी तसं लिहून सही केली. मग बेसिनशी जाऊन मनगट कडेवर आपटलं. एकेक करत सगळ्या बांगड्या वाढवल्या. मनगटाला रक्त आलं, त्यावर तेच बँडेज बांधलं.

दुसऱ्यांदा कुणी हललं नाही. वीस मिनिटं पडद्यावर सरळ रेघ चालली आणि हेमलताबाई तिच्यावरून नजर काढू शकल्या नाहीत. शेवटी हिरवा दिवा लागला आणि परवानगीचा कागद बाहेर आला.

"परवा सकाळी या," त्या म्हणाल्या. "विचार बदलला तर नाही आलात तरी चालेल. कुणी विचारणार नाही."

"बदलणार नाही." अलकाने कागदाची घडी केली. मग ट्रेमधल्या बांगड्या उचलल्या, पण हातात घातल्या नाहीत. मुठीत गच्च आवळून धरल्या.

"घाला की," हेमलताबाई म्हणाल्या. "चाचणी झाली."

"रोज हातात असतात माझ्या. भाकरी थापताना, पोरीला उचलताना वाजतच असतात." अलका म्हणाली. "मगाशी तुमच्या वाजल्या, तेव्हा त्याला माझ्याच वाटल्या असतील का?"

"कायद्याने ती नुसती प्रतिक्रिया असते, बाई."

"कायद्याचं राहू द्या." ती दारापर्यंत गेली आणि मूठ तशीच ठेवून मागे वळली. "परवापर्यंत या घालायच्या की नाही, ते मला सांगा. यांचा आवाज आत गेला, तर तो कुणाला गेला म्हणायचं?"