खाडीत टाकलेलं

समुद्रानं गाव गिळलं, तेव्हा जुई तांडेल आणि तिच्या गावकऱ्यांना डोंगरमाथ्यावरच्या करंजवाडीत आणून वसवलं. ‘यांच्याबरोबर रोगराई यायची,’ म्हणून करंजवाडीनं आधीच आपले नळ त्यांना बंद केले. तरी महिन्याभरात गावात घरोघर जुलाब सुरू झालेच! खापर अर्थातच नव्या वस्तीवर फुटलं. उद्याच्या ग्रामसभेत वस्ती हलवायचं ठरणार होतं.

जुईचा जीव टांगणीला लागला. एक घर तर बुडालंच होतं. ती तडक गावातल्या उपासनी आजोबांकडे गेली. ते साथरोगतज्ज्ञ (साथी कशा पसरतात हे शोधणारे) होते. दारात त्यांचा गुडघ्याएवढा यंत्रमानव टिपूस उभा होता.

“आजोबा, आमी रोग आनला काय?”

“तुम्ही आलात तेव्हा टिपूसनं सगळ्यांना तपासलं होतं. कुणीच आजारी नव्हतं. मग रोग आला कुठून, हेच तर कोडं आहे. पाणी कुठून भरता?”

“वरच्या ओढ्यावरना. धुनं पन तितंच. आनि...” ती लाजली. “संडास नाय ना बांदलं अजून.”

बोलता बोलता जुईला आपली खाडी आठवली. सुकत्या बोंबलांचा वास आठवला, जाळं विणणारा आजा आठवला. तिनं माशांची घाण पाण्यात भिरकावली की तो ओरडायचा. तिला रडूच आलं. “आजा बोलायचा, खाडीन टाकशील ते भरतीला दारान येल.”

आजोबा ताडकन उठले. “टिपूस, तो ओढा कुठं जातो?”

“गावाच्या टाकीत.”

“आणि टाकीत जंतुनाशक (रोगजंतू मारणारं औषध) किती पडतं?”

“पूर्वीइतकंच. स्वच्छ ओढ्यापुरतं.”

“सुटलं कोडं! पोरी, रोग माणसांनी आणला नाही. माणसं वाढली, पण नळ, संडास, औषध वाढलं नाही. त्यात आम्ही नळ बंद करून तुम्हाला ओढ्यावर धाडलं, आणि तेच पाणी प्यालो!”

ग्रामसभेत आजोबांनी सगळं समजावलं, आणि जुईनं आजाचं बोलणं सांगितलं. वस्ती हलवायचा विषय मागे पडला. मग नळ उघडले, संडास बांधायला दोन्हीकडचे हात लागले, औषधाची मात्रा वाढली. हळूहळू साथ ओसरली.

एका सकाळी नळावर सरपंचांच्या सूनबाई स्वतःची कळशी बाजूला करत म्हणाल्या, “आधी तू भर गं बाई. तुझी घागर रिकामी राहिली की डॉक्टर आमच्या घरी येतो!”

जुई खुदकन हसली. पाठीमागून टिपूसनं विचारलं, “भरती म्हणजे काय? मी पाहिलेली नाही.”

करंजवाडीत पहिल्यांदाच कुणीतरी तिला तिच्या गावाबद्दल विचारत होतं. घागर खाली ठेवून जुई सांगायला बसली.