हाप्यावरचा निळा डाग

दौलतरावांनी लाथ मारली आणि घमेलं बांधावरून गडगडत थेट पंचफुलाच्या पायांशी येऊन थांबलं. आत माशांची अंडी चिकटून होती. काल सकाळी हीच अंडी काचेच्या मण्यांसारखी आरपार दिसत होती, पंचफुलाने ती ओंजळीत घेऊन पाहिली होती. आज त्यांचा पांढरा, आंबूस वासाचा लगदा झाला होता.

"दोनदा झालं हे," तळ्यावरचे मुकादम दौलतराव सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "अन् दोन्ही वेळा पहाऱ्यावर कोण होतं? हा बुढा. परवा मासळी खात्याचे मोठे साहेब येऊन राह्यले. त्याइच्यासमोर नवीन अंडी पाण्यात सोडायची आहेत. तेव्हा उकंडा तळ्यावर दिसला नाई पाहिजे. झोपडीही खाली करायची."

उकंडा हा पंचफुलाचा आजोबा. बारा वर्षांच्या पंचफुलाला आई-बाप नव्हते. होता तो हा आबा आणि तळ्याच्या बांधावरची ती झोपडी. झोपडी गेली तर जायचं कुठे, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आबाने खाली वाकून घमेलं उचललं. कड चेपली होती, ती त्याने अंगठ्याने दाबून पाहिली आणि काही न बोलता तो निघून गेला. पंचफुलाला दौलतरावांपेक्षा आबाच्या या गप्प राहण्याचा जास्त राग आला.

१९६३ सालचा जून संपत आला होता. बोरी अरबपासून दोन कोसांवरच्या या तळ्यावर माशांची पैदास करण्याचा नवा प्रयोग चालू होता. रोहू मासा साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाही, त्याला नदीचा पूर लागतो. म्हणून आबा आणि त्याचे भाऊबंद जन्मभर अडाण नदीच्या पुरातून पिल्लं गाळून आणत. पिल्लं थोडी, कचरा फार. आता मात्र दुसऱ्या माशाच्या डोक्यातली एक बारीकशी ग्रंथी काढून, वाटून, तिचं पाणी मादीला सुईने टोचत. मग मादी तळ्यातसुद्धा अंडी घाली. ती अंडी हाप्यात ठेवायची. हापा म्हणजे कापडाची उघड्या तोंडाची पेटी. चार खुंट्यांना बांधून ती पाण्यात अर्धी बुडवायची, म्हणजे तळ्याचं पाणी कापडातून आत-बाहेर खेळतं आणि अंडी तेवढी आत राहतात.

सुईची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा आबा चारचौघांत म्हणाला होता, की माशाला सुई टोचणं काही बरं नाही. तेच आता त्याच्या गळ्याशी आलं. बुढ्याला हे काम पसंत नव्हतं, त्यानेच पाण्यात काहीतरी कालवलं, असं जो तो बोलू लागला. विहिरीवर पंचफुला गेली की बायका घागरी उचलून बाजूला सरकत. पाटलांचा गोविंदा तिच्या मागे "मासेमाऱ्याची नात, मासेमाऱ्याची नात" ओरडत फिरला, तेव्हा तिने ढेकूळ उचलून त्याच्या कपाळावर हाणलं. त्यावर गोविंदाच्या आईने तिच्या सात पिढ्या काढल्या.

शाळा उघडायला आठच दिवस उरले होते. हे आठ दिवस तळ्यात डुंबून काढायचे, असं तिघांनी ठरवलं होतं. तिघं म्हणजे पंचफुला, शब्बीर टेलरचा मन्सूर आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंची सत्यशीला. त्या दुपारी ती बाभळीखाली जमली, पण डुंबायचं कोणाच्या मनात नव्हतं. पंचफुलाचं डोकं असं तापलं होतं, की तिने समोर दिसेल त्यालाच धरलं.

"तुह्या अब्बानं शिवले ना हापे? कापडच सडकं असन."

मन्सूर उठून उभा राहिला. अब्बांनी कोरं कापड तीन दिवस पाण्यात भिजत घातलं होतं, गिरणीची कांजी निघून जावी म्हणून दहा वेळा पिळलं होतं आणि मगच कात्री लावली होती. एक हापा तर अजून त्यांच्या घरी पडून आहे, जास्तीचा. हे सगळं तो रागाने सांगून चालू पडला. सत्यशीलेने त्याचा सदरा धरला नसता तर ही टोळी तिथेच फुटली असती.

सत्यशीला अंगाने बारकी, पण प्रश्न असे विचारी की समोरचा घुटमळे. तिने दोघांना बसवलं आणि विचारलं, की महिन्याच्या सुरुवातीला पहिल्या खेपेची अंडी फुटली होती की नाही? फुटली होती. पिल्लं वळवळत होती, ते ऐकूनच तर साहेब यायला निघाले. हापे तेच? तेच. मासे, पाणी, सुई, पहाऱ्यावरचा आबा? सगळं तेच.

"मंग बदललं काय?" सत्यशीला म्हणाली. "साहेब येणार हे समजल्यावर कोनं काय केलं?"

ते शोधायला हवं होतं. मग हापेच पाहायचे ठरले. पण उकंडाच्या घरच्यांनी तळ्यावरच्या ऑफिसच्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा नाही, असा दौलतरावांचा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी दुपारी, दौलतराव जेवून आडवे झाले असतील असा अंदाज बांधून, तिघं पाटाच्या मोरीतून सरपटत आत गेली. मोरीत शेवाळ होतं, विंचवाची भीती होती आणि मन्सूरचं बूड एकदा अडकलंसुद्धा. बाहेर आली तेव्हा तिघांचे अवतार बघण्यासारखे झाले होते.

ऑफिसच्या मागे दोरीवर दौलतरावांचे तीन पांढरे सदरे वाळत होते. त्यांच्या शेजारी चार हापे. वारा भणाणत होता. झाडाची पानं उलटीपालटी होत होती, पण दोरीवरचं एकही कापड धड हलत नव्हतं.

पंचफुलाने हाप्याला हात लावला. कापड पत्र्यासारखं ताठ होतं. मन्सूरने कोपरा चिमटीत चोळला, नाकाशी नेला आणि त्याचे डोळे मोठे झाले. टेलरचा मुलगा तो. "खळ आहे," तो कुजबुजला. "रामधन परटाची. सदऱ्याले लावते तशी."

पंचफुलाने बादलीतलं तांब्याभर पाणी हाप्याच्या कोपऱ्यात ओतलं. पाणी गळायला हवं होतं. ते तसंच साचून राहिलं. तेव्हा तिला सगळं कळलं. कापडाची छिद्रंच बुजली होती. तळ्याच्या मध्यभागी असूनही अंड्यांना ताजं पाणी मिळत नव्हतं, वरून ती खळ आत सुटून आंबत होती. अंडी गुदमरून मेली होती. कोणी विष घातलं नव्हतं, आबाने तर नाहीच नाही.

"असं कोनी मानणार नाई. पुरावा पायजे," म्हणत सत्यशीलेने मोरीत खरचटलं तर लावायला म्हणून आणलेली आईची टिंक्चर आयोडीनची बाटली खिशातून काढली. गुरुजींनी वर्गात बटाट्यावर थेंब टाकून दाखवला होता. जिथे पिठाचा अंश असतो, मग तो बटाट्यात असो की खळीत, तिथे तपकिरी थेंब निळा-काळा होतो. तिने हाप्यावर एक थेंब टाकला. बघता बघता तिथे रुपयाएवढा निळा डाग उमटला.

"कोन हाय रे तिकडं?"

दौलतराव दारात उभे होते. पंचफुलाने सत्यशीलेला मोरीकडे ढकललं आणि "बाटली घेऊन पळा" म्हणाली. ती स्वतः पळाली नाही, कारण तिघं एकदम मोरीत शिरली असती तर तिघंही सापडली असती. दौलतरावांनी तिची वेणी धरून तिला फरफटत फाटकाबाहेर आणलं. तिने खळीचं सांगायचा प्रयत्न केला, पण त्यांचं लक्ष त्या डागाकडे होतं. त्यांना हवा तो पुरावा मिळाला होता. बुढ्याची नातच औषध टाकताना सापडली, असं त्यांनी चावडीपर्यंत ओरडून सांगितलं.

संध्याकाळी झोपडीत सामानाची गाठोडी बांधून झाली होती. पंचफुला आबाला सगळं समजावून सांगू लागली. त्याने ऐकून घेतलं नाही.

"माह्या तोंडाले आधीच काळं लागलं होतं," तो म्हणाला. "तू आनखी कायले फासलं व माय?"

दिवसभरातलं एवढं एकच वाक्य तिला लागलं. वेणी ओढली तेव्हा ती रडली नव्हती, आता मात्र रडली.

सकाळी साहेबांची जीप आली. सारा गाव बांधावर लोटला होता, आणि खरं सांगायचं तर मासे बघायला फार थोडे आले होते. बहुतेकांना उकंडाला हाकलताना पाहायचं होतं. पहाटे घातलेली अंडी पातेल्यात तयार होती, मोत्यासारखी स्वच्छ. खळीचा कडक सदरा घातलेले दौलतराव साहेबांच्या पुढे पुढे करत होते. त्यांनी डागाळलेला हापा उलगडून दाखवला आणि पोरीने आणि बुढ्याने मिळून कसा घात केला ते रंगवून सांगितलं. साहेबांचा चेहरा कठोर झाला. गर्दीतून कोणीतरी "हाकला त्याले" म्हणालं, मग आणखी दोघं म्हणाले.

पंचफुला गर्दीतून पुढे आली. तिला राग इतका आला होता की आवाज कापला नाही.

"साहेब, हे औषध विष असन, तं कोन्त्याही कापडावर असाच निळा डाग पडन ना? माह्या आबाच्या धोतरावर टाकून पाहा."

साहेबांनी भुवया उंचावल्या, पण ते थांबले. सत्यशीला बाटली घेऊन पुढे झाली. आबाच्या मळक्या धोतरावर थेंब पडला. तपकिरी होता, तपकिरीच राहिला.

"आता यांच्या सदऱ्यावर," पंचफुला म्हणाली आणि दौलतराव मागे सरायच्या आत सत्यशीलेने त्यांच्या बाहीवर थेंब टाकला. पांढऱ्याशुभ्र बाहीवर हाप्यावरच्यासारखाच निळा डाग फुलला.

गर्दी डाग बघायला पुढे लोटली. साहेब बाहीकडे बघत राहिले, मग त्यांनी हाप्याकडे बघितलं. स्टार्च म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. तरी त्यांनी हाप्यात पाणी ओतायला लावलं. पाणी साचलं. गर्दीत मागे लपलेल्या रामधन परटाला पुढे बोलावलं, तेव्हा तो हात जोडून म्हणाला, की दौलतरावांनीच दोन्ही खेपांना आणि आताही सदऱ्यांबरोबर हापे धाडले होते, साहेबांसमोर ते पांढरे आणि ताठ दिसावेत म्हणून खळ दुप्पट घालायला सांगितली होती. त्याला बिचाऱ्याला ते कशासाठी आहेत हेसुद्धा माहीत नव्हतं.

तेवढ्यात मन्सूर घरचा तो जास्तीचा हापा काखेत मारून धापा टाकत आला. हापा पिवळट होता, चुरगळलेला होता, पण त्यात ओतलेलं पाणी क्षणात खाली गळून गेलं. साहेबांनी आबाला बोलावलं आणि अंडी त्याच्याच हातून सोडवली. दिवसभर आबा तिथेच बसून होता. पंचफुला शेजारी बसली. आबाने तिच्याकडे न बघता आपल्या पंच्याने तिच्या डोक्यावर सावली धरली, आणि कालच्या वाक्याचा हिशेब तिच्या मनातून तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर हाप्यात बारीक बारीक रेघा वळवळत होत्या. हजारो रेघा, प्रत्येकीला दोन काळे ठिपके. साहेबांनी तिघांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, की माझ्या माणसांनी नुसता सदरा पाहिला, तुम्ही कापड पाहिलं. उकंडा तळ्यावरच राहील आणि यापुढे हाप्यांना त्याच्याशिवाय कोणी हात लावणार नाही, हेही त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. गोविंदाची आई सगळ्यात मोठ्याने शाबास म्हणाली. पंचफुलाने तिच्याकडे पाहिलं नाही.

पुढे दोन-तीन दिवस पिल्लं हाप्यातच राहिली. मग ती लहान खड्ड्यात नेऊन सोडायची होती. साहेब त्यासाठी मुक्कामालाच राहिले होते. आबाने आपलं चेपलेल्या कडेचं घमेलं पाण्याने भरून पिल्लं त्यात घेतली. साहेबांनी ते उचलायला दौलतरावांनाच सांगितलं. बाहीवर धुऊनही न गेलेली फिकट निळी खूण घेऊन, डुचमळणारं पाणी सांभाळत दौलतराव आबाच्या मागून बांधावर चालू लागले. पंचफुलाजवळून जाताना ते ओशाळं हसले.

"हुशार हाय पोट्टी. मी तं पहिलेच ओळखलं होतं."

"घमेलं हळू ठेवजा," पंचफुला म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही लाथ मारलती त्याले."